बसायला न जमणाऱ्यांचं औषध

आमच्या सासूबाई औषध द्यायच्या. ज्या दुखण्याचं द्यायच्या त्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि ज्या पाल्याचं द्यायच्या त्याचंही नाव घ्यायची पद्धत नव्हती. माणूस दारात यायचा, चपला काढायचा, आत येऊन भिंतीशी उभा राहायचा आणि जमिनीकडं बघत म्हणायचा, "बसाय जमत न्हाय." तेवढं पुरे. सासूबाई विचारायच्या, "रगत?" तो व्हय किंवा न्हाय म्हणायचा. "किती दिस?" तो सांगायचा. मग त्या उठून आतल्या खोलीत जायच्या आणि कागदाच्या पुडीत हिरवट चूर्ण घेऊन यायच्या. सात दिवस ताकातून घ्यायचं. मिरची, वांगं, शेंगांची चटणी बंद. शेंगांची चटणी बंद म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाचा चेहरा दुखण्यापेक्षा जास्त पडायचा.

मी आता आजी आहे, मला कुठल्याच शब्दाची लाज उरलेली नाही, म्हणून लिहून टाकते: मूळव्याध. पण त्या वेळी मी वीस वर्षांची होते आणि माझ्याजवळ लाज भरपूर होती. अक्कलही भरपूर आहे असा माझा समज होता.

सासरचे लोक मूळचे मंगळवेढ्याकडचे, जोंधळ्याच्या रानातले. सासरे गिरणीत लागले म्हणून सोलापुरात चाळीत दोन खोल्या. माझं लग्न होऊन मी साताऱ्याहून तिथं आले तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन-एक वर्षं झाली होती. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांनी गाव सोडताना भांडीकुंडी कमी आणली होती, पाला जास्त. गॅलरीत तेलाच्या फुटक्या डब्यांमधून अडुळसा, कोरफड आणि तुळस. नळाजवळच्या कडुनिंबावर गुळवेल चढवलेली. कुणाचा गुडघा धरला की रुईचं पान गरम करून बांधायच्या, सूज आली की निर्गुडी. पण नाव होतं ते त्या न बोलायच्या औषधाचंच. शेजारच्या गल्लीत विणकरांची वस्ती. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं काम, त्यामुळे गुरुवार आणि रविवार आमच्या भिंतीशी कुणी ना कुणी उभं असायचंच. यष्टीचे ड्रायव्हरही यायचे.

मी शास्त्र विषय घेऊन मॅट्रिक झालेली. पानाला शिराविन्यास असतो हे मला माहीत होतं, पानाचं पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. तरी संध्याकाळी नवरा कामावरून आला की मी त्याला रोग्यांची नक्कल करून दाखवायची. भिंतीला पाठ लावायची, मान खाली घालायची, पाय जरासे फाकवून म्हणायची, "बसाय जमत न्हाय." तो हसायचा. दोन खोल्यांच्या घरात आत्यांना ते ऐकू जात नसेल असं मला का वाटायचं, कोण जाणे.

दसरा काढायच्या, म्हणजे दसऱ्याआधीच्या साफसफाईच्या वेळेला मी माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग करून द्यायचा ठरवलं. आत्यांचे चूर्णांचे पाच डबे होते, काळे पडलेले, एकावरही नाव नाही. आत्या गल्लीत गोधड्या धुवायला गेल्या तेवढ्यात मी पाचही चूर्णं पाच वर्तमानपत्रांवर काढली, डबे राखेनं घासले आणि उन्हात पालथे घातले. मध्येच वारा सुटला. कागद उडायला लागले तशी मी ते उचलून पटापट आत आणून मांडले. क्रम तोच राहिला अशी माझी खात्री होती. माझी सगळ्याच गोष्टींची खात्री असायची.

मग मी चिठ्ठ्या केल्या. साध्या नव्हेत. रोगांची शुद्ध नावं शोधून काढली आणि टाकानं वळणदार अक्षरात लिहिली. अर्श, कास, ज्वर, रेच, शोथ. अर्श म्हणजे मूळव्याध. ते नाव मी मुद्दाम घातलं, म्हणजे वाचणाऱ्याला समजू नये. घरात वाचणारी मी आणि नवरा, दोघंच. डबे फळीवर अकारविल्हे लावले आणि आत्यांना बोलावून आणलं.

त्यांनी फळीकडं पाहिलं. "काय लिव्हलंस गं?"

"कशावरचं औषध ते. आता चूक व्हायची नाही."

"दिसाय झ्याक हाय," त्या म्हणाल्या आणि एकेक झाकण उघडून वास घेऊ लागल्या. दोन डब्यांपाशी जरा थांबल्या. माझ्याकडं पाहिलं. झाकणं लावली आणि ओल्या गोधड्या वाळत घालायला निघून गेल्या. मला वाटलं, कौतुकानं शब्द फुटला नाही.

त्याच सुमाराला माझं टायपिंग चालू होतं. मराठी थर्टी. मिनिटाला तीस शब्द. हा क्लास मला सहज मिळालेला नव्हता. नवऱ्यानं चार महिने सासऱ्यांची मनधरणी केली तेव्हा ते म्हणाले होते, "एक डाव देऊ दे परीक्षा. पास झाली तर नोकरी करू दे, नापास झाली तर पुन्हा इषय काढायचा न्हाय." एका कचेरीत टायपिस्टची जागा निघणार होती, नवऱ्याच्या ओळखीचं तिथं कुणी होतं. म्हणजे एकच परीक्षा आणि एकच नोकरी. दोन्ही गेलं की आयुष्यभर चाळीच्या नळावर नंबर लावणं आलं. मी रोज दीड तास क्लासच्या लाकडी स्टुलावर बसायची आणि घरी आल्यावर राहिलेला वेळ पाटावर पुठ्ठा ठेवून त्यावर बोटं चालवत बसायची. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, ठेचा आणि ती चटणी. पाणी प्यायचं भान नाही.

परीक्षेला सतरा दिवस उरले आणि मला बसायला जमेना.

पहिले दोन दिवस मी स्टुलाला दोष दिला, मग थंडीला. मग आंघोळीच्या मोरीत माझ्या शास्त्र विषयानं मला जे सांगायचं ते सांगितलं. रक्त पाहून मी मटकन खाली बसणार होते, पण बसणार कशी.

दारात चपला काढून उभे राहणारे ते सगळे लोक मला आठवले. त्यांच्यासारखं आत्यांपुढं उभं राहायचं आणि तेच तीन शब्द म्हणायचे, हे माझ्यानं होणार नव्हतं. नवऱ्याला सांगणं तर त्याहून अवघड. तो हसला असता, आणि हसायला मीच शिकवलेलं. मी एका बाजूवर कलून बसायला लागले. टायपिंगच्या मास्तरांनी विचारलं, "वहिनी, तुमचं मशीन वाकडं आहे की तुम्ही?" स्पीड तिसावर आला होता तो चोविसावर घसरला.

गुरुवारी संध्याकाळी, रविवारच्या परीक्षेला तीन दिवस असताना, आत्या देवळात गेल्या आणि मी फळीपुढं उभी राहिले. पहिलाच डबा. अर्श. माझंच अक्षर, किती सुंदर. आत्या रोग्यांना चिमूट देतात हे मी पाहिलं होतं. पण परीक्षा जवळ आली होती, म्हणून मी पोह्याचा चमचा भरून घेतला. ताकात कालवलं, नाक दाबलं, प्यायले. समाधान झालं. कुणापुढं मान खाली घालावी लागली नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला पोटात गोळा आला.

चाळीतल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. चाळीचे संडास सामायिक, अंगणाच्या टोकाला, बायकांसाठी चार. हातात पत्र्याचा डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. चारांतल्या एकाला कडी नाही, तिथं जाताना बरोबर कुणीतरी दार धरायला लागतं. मी आठ वाजेपर्यंत पाच वेळा जाऊन आले. ज्या दुखण्यासाठी औषध घेतलं होतं त्या दुखण्यावरून ते पाचही वेळा निखाऱ्यासारखं गेलं. शेजारची विणकरीण बाई नळावर भांडी घासत होती. ती तेलुगू, मला वदिना म्हणायची, म्हणजे वहिनी.

"वदिना, पाचवं?"

"चौथं," मी म्हटलं. या परिस्थितीतही मी खोटं बोलले.

"मी मोजते नं इथं बसून. पाचवं."

दहा वाजता मी भाकऱ्या करायला गेले. स्टोव्ह जमिनीवरून उचलून कट्ट्यावर ठेवला, परात खिडकीच्या फळीवर घेतली आणि उभ्यानं पीठ मळू लागले. आत्या दारात आल्या.

"साताऱ्याला उभ्यानं भाकरी थापत्यात व्हय?"

"सहज."

"आणि पंधरा दिस एका कुल्ल्यावर बसत्यात, त्ये बी सहज?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझा धंदाच हाय तो. माणूस कसा बसतो ह्येच बघत आले जन्मभर."

"मग दिलं का नाहीत औषध?"

"मागितल्याबिगर द्यायचं नसतं. रोग्यानं तोंडानं मागाय लागतं." त्या फळीपाशी गेल्या, पहिल्या डब्याचं झाकण काढून आत बघितलं. "काल चमचा घातलास न्हवं यात? वर खड्डा पडलाय."

"त्यावर लिहिलंय. अर्श."

"काय लिव्हलंय मला काय म्हाईत. आत सोनामुखी हाय. पोट साफ करायची. दोन डबं उलट भरलंस तू, दसऱ्यालाच. मी वास घेऊन काढत हुते, माझं काय अडलं न्हाय. तू आपलं लिव्हलेलं वाचलंस." त्यांनी झाकण लावलं. "चिमूटभर घेतलं तर गडी माणसाला दोनदा जावं लागतं. तू तर बैलाचं घेतलंस."

मी हात पुसले. दार लोटलं. भिंतीशी जाऊन उभी राहिले. मला त्या वेळी नक्कल करायची नव्हती, पण पाय आपोआप तसेच झाले.

"आत्या, बसायला जमत नाही."

"रगत?"

"हो."

"किती दिस?"

"पंधरा."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आधी डाळिंबाची साल उगाळून ताकातून दिली, पोट थांबावं म्हणून. दुपारी घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी ओतून त्यात बसायला लावलं. खरं औषध ताकातून दिलं, अगदी चिमूटभर, आणि एक पाला वाटून फडक्यात बांधून दिला. तो कुठला ते मला नंतर कळलं, पण इथं लिहिणार नाही. दोन वेळा ताकभात. पाणी तांब्यानं मोजून पाजलं. आज मला वाटतं, निम्मा गुण त्या पाण्याचा आणि ताकाचा असावा. आत्यांना हे मी पुढं एकदा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग? नुसतं पानी पी म्हटलं असतं तर पिली असतीस का?"

शनिवारी दुखणं अर्ध्यावर आलं. पण स्टुलावर तासभर बसणं अशक्य होतं. मी रडायला बसले, म्हणजे कुशीवर पडून रडले. सासऱ्यांचं "एक डाव" डोळ्यांपुढं. आत्यांनी ट्रंकेतून जुनं लुगडं काढलं आणि चुंबळ वळायला लागल्या. डोक्यावर हंडा टेकायला बाया कापडाचं वेटोळं करतात, ती. पण ही तव्याएवढी केली, आणि मधे भोक चांगलं ऐसपैस ठेवलं. कडेनं सुईदोरा घातला.

"ह्यावर बस. जिथं दुखतंय तितं काय लागायचं न्हाय."

बसून पाहिलं. पंधरा दिवसांनी मी दोन्ही बाजूंवर बसले.

रविवारी आत्या माझ्याबरोबर आल्या. माझ्या हातात चुंबळ नको, लोक बघतील, म्हणून त्यांनी ती डोक्यावर ठेवली. वर हंडा नाही, काही नाही, नुसती चुंबळ घेऊन त्या एका शाळेच्या फाटकातून परीक्षेच्या वर्गापर्यंत चालत आल्या. परीक्षेला मशिनी ज्या त्या क्लासनं आणायच्या असत, म्हणून सगळे क्लासवाले हातगाड्यांवरून त्या उतरवत होते, ते थांबून बघायला लागले.

वर्गावर एक साहेब होते, पन्नाशीचे, टोपी आणि कोट. मी स्टुलावर चुंबळ ठेवली तसे ते आले.

"हे काय?"

"उशी."

"परीक्षेला? झोपायला आलात काय?" त्यांनी चुंबळ उचलली, उलटीपालटी केली आणि दोरा तोडून उलगडायला लागले. आत कागद लपवला असेल असा त्यांचा संशय. टायपिंगच्या परीक्षेत पुढ्यात असलेलं बघून छापायचं असतं, त्यात कॉपी कसली करायची, हे त्यांना किंवा मला त्या क्षणी सुचलं नाही. नऊवारी लुगडं ते. उलगडत उलगडत तीन बाकांपर्यंत गेलं. पोरं हसायला लागली. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. माझ्या शुद्ध नावांपैकी एकही त्या वेळी कामाला आलं नाही.

आत्या दारातून म्हणाल्या, "उलगडा साहेब. पर पुन्ना वळाय तुमास्नी येतंय का?"

"तुम्ही कोण? बाहेर थांबा."

आत्या आत आल्या. त्यांच्याजवळ जाऊन, पण आवाज फारसा न उतरवता म्हणाल्या, "माझी सून हाय. तिला बसाय जमत न्हाय."

साहेबांचा हात लुगड्यावरच थांबला. त्यांनी आत्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मग स्वतः लुगड्याचं दुसरं टोक उचलून आत्यांच्या हातात दिलं. आत्या वळत होत्या आणि ते धरत होते. घंटा झाली तेव्हा मी चुंबळीवर बसलेली होते.

तासभर काय छापलं ते मला आठवत नाही. एक आठवतं, की मध्ये एकदा कागद फिरवताना मान वर झाली तेव्हा साहेब खिडकीपाशी उभे होते. टेबलामागं खुर्ची होती, गादीची, पण त्या तासात ते तिच्यावर टेकले नाहीत.

बाहेर आल्यावर ते आमच्या मागून आले. आत्यांनी चुंबळ पुन्हा डोक्यावर घेतली होती.

"बाई," साहेब म्हणाले, "चाळीतल्या त्या बाई तुम्हीच ना? कुठल्या वारी देता?"

गुरुवारी ते आले. चपला नव्हत्या, बूट होते, ते काढायला वेळ लागला. टोपी हातात. भिंतीशी उभे राहिले. मी आतल्या खोलीत पडद्यामागं. आत्यांनी दोन प्रश्न विचारले, पुडी दिली, पथ्य सांगितलं. चटणी बंद म्हटल्यावर त्यांचाही चेहरा पडला असणार, कारण त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग ते म्हणाले,

"काय देऊ?"

"काय न्हाय. ह्याचं काय घेत न्हाईत. घेतलं की हाताचा गुण जातो."

"नारळ तरी."

"नारळ बी न्हाय."

"बरं, मग एक सांगतो. पाकिटं बंद करताना तुमच्या सुनेचा कागद माझ्या नजरेखालून गेला. मी चुका मोजल्या. तिच्या—"

"साहेब," आत्या म्हणाल्या, "काय घ्यायचं न्हाय म्हटलं नव्हं का?"

"मी देत नाही काही. सांगतोय फक्त."

"सांगणं म्हंजे देणंच की."

पडद्यामागं माझा जीव जायची वेळ आली. चुका मोजलेला माणूस चार हातांवर उभा आणि सांगायला तयार. निकाल यायला तीन महिने. मी ताकाचा तांब्या उचलला आणि ते जिना उतरायला लागल्यावर, "ताक राहिलं," असं काहीतरी पुटपुटत मागून गेले. कडुनिंबापाशी त्यांना गाठलं. तिथं आत्या नव्हत्या, ऐकणारं कुणी नव्हतं. साहेब थांबले. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी सांगितलं असतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. हाताचा गुण म्हणे. गुण पाल्यात असतो, हातात कसला. हे सगळं मला मॅट्रिकपासून पाठ होतं. पण माझं औषध अजून एक दिवस घ्यायचं राहिलं होतं.

"ताक घेता का?" मी विचारलं.

ते उभ्यानंच तांब्याभर ताक प्यायले आणि गेले.

त्यानंतरही ते दोन गुरुवार आले. दरवेळी मी पडद्याच्या फटीतून त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायचा प्रयत्न केला. काही लागलं नाही. पथ्यावरच्या माणसाचा चेहरा पास-नापास दोन्हीला सारखाच असतो.

निकाल आला तेव्हा माझं दुखणं कधीच थांबलं होतं. क्लासच्या फळ्यावर यादी लागली, नवरा वाचून आला. पास, अगदी काठावर. आणखी एक चूक झाली असती तर गेलेच होते. सासरे म्हणाले, "बरं," आणि पेपर वाचायला लागले. तेवढंच त्यांचं कौतुक.

आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी काठावर म्हणजे किती काठावर ते समजावून सांगितलं.

"बरं झालं निंबाखाली इचारलं न्हाईस," त्या म्हणाल्या.

त्यांनी गॅलरीतून पाहिलं होतं हे मला त्या दिवशी कळलं. एका चुकीचा आणि विचारण्याचा काही संबंध नसतो, कागद आधीच तपासायला मुंबईला गेलेला होता, हे मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. कचेरीतली ती जागा मला मिळाली होती, सोमवारपासून जायचं होतं आणि तिथली खुर्ची कशी आहे ते अजून पाहायचं होतं.